संध्याकाळचा आकडा

आज संध्याकाळचा आकडा दुपारी अडीच वाजताच लिहिलेला होता. निळ्या शाईत, खारूच्या गोल अक्षरात, दोनशे वीस. मी दवाखान्याच्या बाकावर बसून वही सहज चाळत होतो. सहज कसलं, मी आयुष्यात काही सहज चाळलेलं नाही. डॉक्टरबाईंना दाखवायच्या आधी पुन्हा एकदा डोळे भरून बघावी, एवढीच हौस. आणि शेवटच्या पानावर अंगठा थांबला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन एकतीस. म्हटलं, ओळ चुकली असेल, कालचा असेल. कालची ओळ भरलेली होती. परवाचीही. सकाळ, संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ, एकही रकाना मोकळा नाही, आणि आजची संध्याकाळ तर अजून व्हायची होती. समोर खारू कुणीतरी टाकून गेलेल्या मासिकातलं कोडं सोडवत बसली होती. पेन्सिल तोंडात. मी वही मिटली, परत उघडली. आकडा तिथेच.

खारू माझी मुलगी. नऊ पूर्ण. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी बिस्किट दोन्ही हातांत धरून पुढच्या दातांनी कुरतडायची, म्हणून खारू, आणि तेच चिकटलं. तिसऱ्या वर्षापासून दमा आहे. घरात एक प्लास्टिकची नळी आहे, तिच्यात जीव खाऊन फुंक मारायची, आतला लाल काटा जिथवर सरकेल तो आकडा. आम्ही तिला फुंकणी म्हणतो. तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक. खारूच्या उंचीला दोनशे वीस म्हणजे झकास. एकशेऐंशीच्या खाली गेला की सावध व्हायचं. आणि पंप दोन. एक रोजचा, तो छाती आतून शांत ठेवतो. दुसरा अडीनडीचा, दम लागला तर ओढायचा. तीन आठवड्यांपूर्वी हीच वही बघून डॉक्टरबाईंनी रोजचा पंप निम्म्यावर आणला होता. "अशीच वही पुन्हा आणा," म्हणाल्या होत्या, "म्हणजे बंदच करून टाकू." त्यासाठीच आलो होतो. वेळ सव्वातीनची होती. मी सगळीकडे पाऊण तास आधी जाऊन बसतो.

आता हसायचं असेल तर हसा, माझं पोट याच कामावर चालतं. एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी बसून मी वह्या तपासतो. दम्याच्या मुलांना ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले तर दमा आटोक्यात येतो का, असा अभ्यास आमच्याकडे दोन वर्षं चालू होता. निम्म्या मुलांना थेंब, निम्म्यांना नुसतं तेल, बाटल्या हुबेहूब सारख्या. कुणाला काय मिळतंय ते आईबापांना ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. मुलं घरी फुंकतात, वहीत आकडे लिहितात, वह्या माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या खोट्या ओळखणं हे माझं काम. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख, म्हणायच्या की याला खोटी वही वासावरून कळते. वासाचं काही नाही. खोटी वही एका बैठकीत लिहिलेली असते, एकाच पेनानं, एकाच दाबानं. तिच्यावर चहाचा डाग नसतो, कोपरे मुडपलेले नसतात. खोट्या वहीत कुणाला सर्दी होत नाही. आणि सगळ्यात मजा म्हणजे उद्याचा आकडा. दवाखान्याच्या वाटेवर घाईघाईत महिनाभराचे रकाने भरता भरता एखादी आई पुढच्या दोन दिवसांचेही भरून मोकळी होते. अशी वही सापडली की मी ती उंच धरून सगळ्या टेबलांना दाखवायचो. "बघा, बघा, ज्योतिषी सापडला!"

हे सगळं मी घरी जेवताना सांगायचो. मला सांगायला आवडतं, त्याला काय करणार. खारूची आई चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा बसवते, डोळेही तपासते, आणि तिच्याकडे तिचे किस्से असायचे. "आमच्याकडे पोरं तक्ता पाठ करून येतात," ती एकदा म्हणाली होती. "चष्मा नको असतो ना. घडाघडा म्हणतात शेवटची ओळ. मग मी तक्ता फिरवते आणि उलटीकडून वाचायला लावते. बोबडी वळते एकेकाची." आम्ही दोघं हसलो होतो. खारू हनुवटी टेबलावर टेकून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, मग खऱ्या वहीत काय काय असतं?" मला केवढा अभिमान वाटला होता. म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली! आणि मी बोटांवर मोजून मोजून सांगितलं की खऱ्या वहीत शाई बदलते, कुठेतरी दूध सांडतं, दहाबारा दिवसांनी एखादा वाईट दिवस येतो, सर्दी होते, आकडा उतरतो, मग दोन पायऱ्या चढून परत येतो, एकदम उडी मारत नाही. पोळीचा घास हातात तसाच राहिला होता माझ्या, इतका रंगात आलो होतो.

मी पहिल्या पानावर गेलो. सहाव्या आठवड्यात शाई बदलून काळी. आठव्यात हिरवी, मग पुन्हा निळी. सहाव्या पानावर दुधाचा डाग, कोपऱ्यात, आकड्यांना न लागेल असा. दुसऱ्या महिन्याच्या अकराव्या दिवशी एकशेनव्वद, कंसात 'सर्दी', बाराव्या दिवशी दोनशे, तेराव्या दिवशी दोनशे दहा. पुढे पुन्हा अकरा दिवस गेले की एकशेनव्वद. दोन पायऱ्या, मग वर. हे सगळं मी पूर्वीही पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, याला म्हणतात खरी वही! कार्यालयात नेऊन नमुना म्हणून दाखवावी असंही वाटलं होतं. दोन वर्षांत चारशे मुलांच्या वह्या मी उलथ्यापालथ्या केल्या, आणि माझ्या घरात माझाच धडा गिरवून लिहिलेली वही मला दिसली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो?

थेंब माझे होते. म्हणजे खारूच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं, डॉक्टरबाई म्हणाल्या, "द्या थेंब, हाडांना बरे," आणि मी हाडं ऐकलीच नाहीत, नुसतं बरे ऐकलं. अभ्यासात माझी मुलगी घेता येत नव्हती, नियमच तसा. पण बाटली दुकानात मिळत होती. रोज सकाळी उजेडाकडे धरून थेंब मोजायचे, चमच्यात पाडायचे, खारूनं जीभ बाहेर काढायची. खारूची आई म्हणायची, "थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, छाती बरी होते असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही बाई मी." मी चिडायचो. पण महिन्याभरानं आकडे चढू लागले, आणि मग ती चिडवायची थांबली. परवा आमच्या अभ्यासाचा निकाल लागला. कुणाला थेंब होते, कुणाला तेल, ती यादी उघडली. मोठ्या बाईंनी सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं, आपल्या मुलांमध्ये काही फरक नाही. थेंबवाल्यांनाही तितकाच दम लागला, तेलवाल्यांनाही तितकाच. सगळे उठून गेल्यावर मी आमच्या गणितज्ञाला, जो ते सगळे हिशेब मांडतो, हळूच म्हटलं, "माझ्या घरी मात्र फरक पडलाय." तो चष्मा पुसत म्हणाला, "एका मुलीचा अभ्यास का? तेही बापानं केलेला?" मला त्याचा संताप आला होता. आज येताना मनात होतं, डॉक्टरबाईंनी रोजचा पंप बंद केला की उद्या ही वही त्याच्या टेबलावर आपटायची.

जिना. एकदम जिना आठवला. आत्ता येताना, दवाखान्याच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर खारू खाली वाकली होती, बुटाशी काहीतरी करत. मी म्हटलं, "अगं चल ना, उशीर होतोय." उशीर कसला होत होता, पाऊण तास हातात होता. ती म्हणाली, "नाडी सुटली." मी तिच्या पायांकडे पाहिलं आत्ता, बाकावरून. तिच्या बुटांना नाड्या नाहीत. चिकटपट्टीचे बूट आहेत, मीच आणलेत, नाड्यांची कटकट नको म्हणून. आणि मला आई आठवली, माझी आई. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. वर चढताना आई प्रत्येक वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची. घर अजून दोन मजले वर, आणि ही उभी, पर्स उघडून, मान खाली घालून शोधतेय. मला राग यायचा. मी म्हणायचो, "आई, खिशात ठेव ना किल्ली, दर वेळी काय तेच!" ती म्हणायची, "हो रे, उद्यापासून ठेवते." तिलाही दमाच होता, हे मला ती गेल्यावर कळलं, तिच्या कपाटात रिकामे पंप सापडले तेव्हा. म्हणजे मला फसवणं सोपं आहे. आमच्या घरात दोन पिढ्या ते करत आल्या आहेत, आणि पगार मला लोकांची फसवणूक पकडण्याचा मिळतो.

मी उठून दाराबाहेर गेलो आणि खारूच्या आईला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असावं, मागे कुणीतरी 'आता धूसर दिसतंय' असं म्हणत होतं. मी सांगितलं. तिनं आधी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं असं नाही म्हणणार मी. कारण मला नव्हतं वाटलं." मग म्हणाली, "अडीनडीचा पंप कुठे आहे?" सकाळी फाईल भरताना मी तो खारूच्या दप्तरातून काढून माझ्या पिशवीत टाकला होता, सगळं एका जागी असावं म्हणून. "त्याच्या पाठीवर किती शिल्लक ते लिहिलेलं असतं. वाच." मी वाचलं. सदतीस. "अरे, नवा काढून दीड महिना झाला नाही," ती म्हणाली. "दोनशेचा होता." दोनशे वजा सदतीस. मला ते गणित करायचं नव्हतं, पण झालं. एकशेत्रेसष्ट वेळा हिनं तो ओढला होता, शाळेच्या स्वच्छतागृहात, घरच्या न्हाणीघरात, नळ सोडून, कुठे कुठे कोण जाणे. गेल्या वेळी डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावून 'स्वच्छ आहे' म्हटलं होतं, तेव्हाही घरून निघायच्या आधी खारूला शू लागली होती. आज पंप माझ्याकडे होता. आज तिला सकाळपासून काही मिळालं नव्हतं. फोनवर ती म्हणाली, "रागावू नकोस तिला. ऐकतोयस ना? आणि गप्पही बसू नकोस, तुझं गप्प बसणं रागावण्यापेक्षा वाईट असतं. मी निघतेच."

परत बाकाशी येईस्तोवर दहा पावलं. त्या दहा पावलांत मी एक डाव रचला, कबूल करतो. वही पिशवीच्या तळाशी घालायची. डॉक्टरबाईंना म्हणायचं, वही घरी राहिली, आणि तिला जरा खोकला आहे, तर रोजचा पंप एवढ्यात बंद नको करायला, उलट पहिल्यासारखा पूर्ण करू. झालं. खारूची लाज राहिली, माझी राहिली, छातीचंही भागलं. साप मरावा नि काठीही मोडू नये. चांगला डाव होता. नवव्या पावलाला लक्षात आलं, की नाडी सुटली, किल्ली सापडत नाही, आणि वही घरी राहिली, हे सगळं एकाच घरातलं बोलणं आहे. खारू मासिकावर वाकली होती. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे, तिची कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. हे मी ओळखतो. हे मी झोपेतही ओळखीन असं म्हणत आलो होतो.

"खारू, फुंकणी घे. चल जरा."

बाहेर जिन्याजवळ खिडकी होती, तिथे कुणी नव्हतं. तिनं फुंकणी काढली, पण वही माझ्या हातात बघून तिथल्या तिथे थांबली.

"संध्याकाळचा लिहिलास तू," मी म्हणालो.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. "परत जाईपर्यंत विसरले असते. आणि रकाना रिकामा दिसला असता त्यांना."

"बाकीचे?"

"सगळे नाहीत खोटे. पहिल्या महिन्यातले खरे आहेत." मग चिकटपट्टी उघडली, लावली, उघडली. "मग एकदा एकशेसाठ आला. तू आतून ओरडून विचारलंस, किती? मी सांगितलं. मग तू जेवला नाहीस. आईला म्हणालास, थेंब वाढवू या, मग तुमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मी दोनशे सांगितला तर तू शीळ घातलीस."

"शीळ?"

"तू घालतोस. आकडा चांगला आला की घालतोस. दाढी करताना पण." ती एकेक वाक्य तोडून बोलत होती, मधे श्वास घेत. "तुझं औषध होतं ना ते, बाबा. मला वाटलं, लागू पडेल मग नंतर. तोपर्यंत लिहू."

"आणि ती सर्दी?"

"तू म्हणाला होतास, खऱ्या वहीत सर्दी होते."

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. नऊ वर्षांच्या पोरीनं माझ्या शिळेसाठी श्वास चोरून ठेवला होता. मला तिला उचलून घ्यायचं होतं, आणि कुणालातरी मुस्काटात मारायची होती, आणि ते कुणीतरी मीच होतो. मी म्हणालो, "फुंक. तीनदा. मग लगेच पंप."

तिनं उभं राहून फुंकलं. काटा सरकला. आणि तिनं काट्याकडे पाहिलंच नाही, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. एकशेचाळीस होता. माझ्या तोंडाचं काय झालं मला माहीत नाही, पण ती घाईघाईनं म्हणाली, "ही नीट नव्हती, परत मारते हं, परत मारते."

"थांब." मी तिच्या खांद्याला धरून तिला खिडकीकडे वळवलं आणि तिच्या मागे जिन्याच्या पायरीवर बसलो. "आता मी तुला दिसत नाही. तू फुंक, तू बघ, तूच सांग."

पाठमोरी ती उभी होती, वेणीची एक बाजू सैल झालेली. फुंकलं. फुंकणी डोळ्यांजवळ धरून काटा पाहिला. मी कठडा घट्ट धरला होता.

"एकशेतीस," ती म्हणाली.

"बरं."

"बरं?"

"बरं. तिसरी मार."

"एकशेचाळीस." मग खोकली. मी मागूनच पंप पुढे केला, तिनं तो दोनदा ओढला, उघड्यावर, नळ न सोडता. मी वही तिच्या हातात दिली. "चुकलेला आकडा खरवडायचा नाही," मी सांगितलं. "आमच्याकडे नियम आहे. त्याच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिहायचा, वेळ लिहायची, आणि सही." तिनं दोनशे वीसवर रेघ मारली. शेजारी एकशेचाळीस, पावणेतीन. सही कशी करायची म्हणून विचारलं. म्हटलं, कर तुला वाटेल तशी. तिनं 'खारू' लिहिलं. त्याखाली मी माझी केली.

"बाकीच्या पानांचं?"

"ते आपण त्यांना सांगू."

"मी सांगू की तू?"

"दोघं."

"आणि तुझे थेंब?"

"थेंब हाडांना," मी म्हणालो.

सव्वातीनला परिचारिकेनं नाव पुकारलं. खारूच्या आईचा अजून पत्ता नव्हता. तपासणीची खोली अर्धा जिना वर होती. खारू वही छातीशी धरून पुढे निघाली, मी दोन पायऱ्या मागे. पंपानं थोडं काम केलं होतं, सगळं नाही. सातव्या आठव्या पायरीवर ती थांबली. मला वाटलं आता वाकेल. तिचा हात बुटाकडे गेलाही. मग तो तिनं वर घेतला, भिंतीवर टेकवला, आणि ती तशीच उभी राहिली, खांदे वरखाली होत, सगळ्यांना दिसेल अशी. आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

वरून परिचारिका म्हणाली, "चला, चला लवकर, पुढचे खोळंबलेत."

"थांबा जरा," मी म्हणालो, चांगला मोठ्यानं. "तिला दम लागलाय."